बरगडीच्या दुखापतीनंतर पुन्हा सायकलवर

सायकलवर परतण्याची तुमची ओढ योग्यच आहे. मात्र बरगडीला प्लास्टर घालता येत नाही आणि प्रत्येक श्वासासरशी ती हलते, त्यामुळे साधे फ्रॅक्चर भरून यायलाही साधारण 6 आठवडे लागतात, हे आधी मनाशी पक्के करा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही पहिली फेरी रस्त्यावर नको. घरातच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर), हँडल थोडे उंच करून, ताठ बसून हलके पेडल मारा. खोल श्वास घेताना किंवा खोकताना कळ येत असेल, तर अजून थांबा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका दोन:

- वेदनाशामक गोळी घेऊन सायकल चालवणे. थांबण्याचा इशारा देणारी वेदनाच त्यामुळे दबते.
- चढावर उभे राहून हँडल ओढणे. हलका गिअर टाका आणि बसूनच चढा.

रस्त्यावर उतराल तेव्हा पहाटेचा मोकळा, बिनखड्ड्यांचा रस्ता निवडा आणि टायरमधली हवा किंचित कमी ठेवा, म्हणजे हादरे कमी बसतील. गटाबरोबरची राइड आणि घाट तूर्त नकोच. अर्धवट भरलेल्या बरगडीवर पुन्हा पडणे फार महागात जाते. मध्येच धाप लागली किंवा ताप आला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवा.