पहिल्या पगाराचा हिशोब

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या हॉस्पिटलची नर्सच्या नोकरीची ऑफर आली आणि तू घरी ‘महिना २२ हजार पगार’ असं सांगून मोकळी झालीस. तो आकडा आजच दुरुस्त करून सांग, कारण वडील त्याच्यावरच कर्जाच्या हप्त्याचं गणित मांडून बसतील. तुझ्या खात्यात दरमहा १७,७६८ रुपये जमा होणार आहेत. कसे, ते तुझ्याच ऑफर लेटरवरून सांगते.

लेटरवर वर्षाचे २ लाख ६४ हजार लिहिलेत, ती सीटीसी आहे. म्हणजे हॉस्पिटलला तू वर्षाला केवढ्याला पडतेस तो आकडा. महिन्याचे २२ हजार धर. तुझं बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२ हजार. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, हा हॉस्पिटलच्या वाट्याचा पीएफ. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, ५७७ रुपयेही त्यातच धरलेत, आणि ती तर एरवी पाच वर्षं पुरी केल्याशिवाय मिळत नाही. ईएसआयसी म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्यातला त्यांचा हिस्सा ३.२५ टक्के, तो झाला ६२९. हे सगळं वजा जाऊन १९,३५४ उरतात. याला ग्रॉस म्हणतात. आता त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,४४० आणि ईएसआयसीचे ०.७५ टक्के, म्हणजे १४६ रुपये कापले जातात. हातात आले १७,७६८.

व्यवसाय कर तुला लागत नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. तुझ्या बॅचमधल्या ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, मात्र १० हजारांच्या वर पगार असला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये भरावे लागतात. पगारपत्रकं एकाच साच्यात निघतात, त्यामुळे सिस्टरचेही २०० कापलेले दिसू शकतात. पहिली पे स्लिप हातात आली की आधी ही ओळ बघ, आणि कापलेले असतील तर त्याच आठवड्यात अकाउंट्सला लेखी कळव.

ईएसआयसीचे १४६ रुपये वाया गेले असं समजू नकोस. ग्रॉस २१ हजारांच्या आत असेपर्यंतच ही सोय आहे. ज्यांचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न महिना ९ हजारांच्या आत आहे आणि जे तुझ्यावर अवलंबून आहेत अशा आईवडिलांचं नावही त्यात घालता येतं. जॉइनिंगच्या फॉर्मवर घाईघाईत कुटुंबाचा रकाना कोरा सोडला, की पुढे आईच्या ऑपरेशनच्या वेळी पळापळ होते. आधार कार्डं आणि फोटो घरूनच घेऊन जा. पीएफचंही तसंच. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, स्वतः अ‍ॅक्टिव्हेट कर आणि तो तुझ्याच मोबाईलला जोड, ऑफिसातल्या कुणाच्या नंबरला नको.

आता खर्च. कॉट बेसिसवर तिघींच्या खोलीत ४,५०० धर, दोन वेळची मेस ३,२००. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, पास १,५००. मोबाईल ३००, साबण-तेल-पॅड-कपडे मिळून ७००, किरकोळ औषधं ३००. गावी महिन्याला एक फेरी ६००, ती एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यात बसते. इथपर्यंतचे आकडे कोणीही सांगेल. नर्सच्या बजेटला भोक पडतं ते ईव्हनिंग ड्यूटीत.

ड्यूटी कागदावर रात्री ९ ला सुटते. पण पुढच्या पाळीच्या सिस्टरला हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, बेडजवळ उभं राहूनच द्यायचा असतो. प्रत्येक रुग्णाच्या सलाईनचा रेट, इन्फ्युजन पंपात किती एमएल उरलं, युरोबॅगेत लघवी किती, जखमेच्या ड्रेनमध्ये किती, पुढचा अँटिबायोटिक किती वाजता. मग क्रॅश कार्टची, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीची, मोजणी, आणि फेन्टानिल-मॉर्फिन या नशेच्या वेदनाशामकांच्या अँप्युल मोजून रजिस्टरवर दोघींच्या सह्या. यात अर्धा तास जातोच, आणि तो जायलाच हवा. इथे घाई करून सुटलेली एक ओळ रात्री कुणाच्या तरी जिवावर बेतते. पण तू बाहेर पडतेस तेव्हा साडेनऊ होऊन गेलेले असतात, मेस १० ला बंद होते आणि बसचा भरवसा नसतो. रिक्षाने पाच किलोमीटर म्हणजे पंच्याऐंशी-नव्वद रुपये, असे महिन्यात आठ दिवस धरले तर ७००. मेस चुकल्याच्या रात्री आणि सकाळचा नाश्ता मिळून १,२००. म्हणून खोली ठरवताना भाडं एकटं बघू नकोस. हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतली कॉट ८०० रुपयांनी महाग असली तरी घे. पास आणि रिक्षा मिळून २,२०० वाचतात, आणि रात्री घरी पोचण्याची धास्ती उरत नाही. मेसवालीशी पहिल्याच दिवशी बोलून ठेव: ईव्हनिंगच्या आठवड्यात डबा भरून ठेवायचा, नाईटच्या आठवड्यात सकाळचं जेवण नको. बहुतेक मेसवाल्या ऐकतात, फक्त रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, त्यांना आधी द्यावं लागतं.

वरचं सगळं जोडलं की १३ हजार होतात. उरले ४,७६८. आणि तुमचं शैक्षणिक कर्ज ३ लाखांचं आहे. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ५,०५८ रुपये बसतो. म्हणजे एक सिनेमा नाही, एक ड्रेस नाही, तरी महिन्याला २९० रुपये कमीच. हे वाचून घाबरू नकोस, पण हे गणित सही करण्याआधी डोळ्यांसमोर असू दे. बँकेत जाऊन हप्ता नक्की कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते विचार. कोर्स संपल्यावर बहुधा काही महिन्यांची सवलत असते, पण त्या काळातही व्याज चढतच राहतं. त्या महिन्यांत दरमहा सुमारे २,६२५ रुपये व्याजापोटी भरत गेलीस तर मुद्दल फुगत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न तासांचा आहे, आणि तो मुली विचारत नाहीत. महिन्याला २६ ड्यूट्या आठ तासांच्या असतील तर २०८ तास होतात, तासाला ८५ रुपये पडतात. त्याच २६ ड्यूट्या बारा तासांच्या झाल्या तर ३१२ तास, तासाला ५७ रुपये. पगार तोच, पण जवळजवळ तिसरा हिस्सा कापला गेला आणि पे स्लिपवर त्याची ओळही नाही. म्हणून एचआरला सरळ विचार: शिफ्ट किती तासांची, महिन्यात नाईट किती, नाईटनंतर ऑफ किती, ओव्हरटाईम पैशात देता की ऑफमध्ये, आणि आयसीयूत व्हेंटिलेटरच्या रुग्णामागे स्वतंत्र नर्स असते का. शेवटचा प्रश्न पगाराचा वाटत नाही, पण तोच खरा पगाराचा आहे. जिथे एकीच्या अंगावर तीन व्हेंटिलेटर टाकतात तिथे सहा महिन्यांत कंबर जाते आणि बिनपगारी रजा सुरू होतात.

असं विचारणं सेवेला शोभत नाही असं तुला कुणी म्हणेल. म्हणू दे. खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि जानेवारी २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने माप घालून दिलं. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. १०० ते २०० खाटांना त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० च्या आतल्या हॉस्पिटलातही किमान २० हजार. या शिफारशी आहेत, त्यामुळे मुलाखतीत कायदा म्हणून टेबलावर ठेवता येत नाहीत. पण आपली किंमत आपल्याला माहीत असावी. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० आहे, एम्समध्ये ४४,९००, भत्ते वेगळे. तुझं ग्रॉस राज्याच्या नुसत्या मूळ वेतनाच्या निम्म्याहून जरा वर आहे. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

म्हणून पहिल्या नोकरीकडे दोन वर्षांनंतरच्या जागेवरून बघ. तू जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविकावाली, आहेस. एम्सच्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता जिल्ह्याच्या गावातल्या ऑफरचा विचार कर, जी तू ‘फक्त १२ हजार’ म्हणून बाजूला ठेवलीस. घरी राहून जाऊन-येऊन हजार-दीड हजार खर्च झाला तरी दहा हजार हातात राहतात, म्हणजे पुण्यात खर्च जाऊन उरणाऱ्या रकमेच्या दुप्पट. ते हॉस्पिटल ५० खाटांच्या वर असेल, नेमणूकपत्र देत असेल आणि पगार बँकेत जमा करत असेल, तर वर्षभर तिथे थांबण्यात काही कमीपणा नाही. पण २० खाटांचं नर्सिंग होम, पगार रोख, मस्टरवर नाव नाही, असं असेल तर पुण्यालाच जा. तसल्या नर्सिंग होममधली दोन वर्षं कुठल्याच फॉर्मवर लिहिता येत नाहीत, आणि काम मात्र सगळं करून घेतात.

बाँडबद्दल, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याच्या कराराबद्दल, थोडक्यात. मूळ गुणपत्रिका आणि परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, परत घे. सही केलेला कोरा चेक तर मुळीच नाही. बाँड असलाच तर जितके महिने काम झालं तितकी रक्कम कमी होत जाईल असं त्यात लिहून माग. सोडताना अनुभवपत्रावर विभाग, तारखा आणि खाटांची संख्या हवी. खाटांचा आकडा मुली विसरतात आणि दोन वर्षांनी त्या एका ओळीसाठी पुन्हा चकरा मारतात.

हिपॅटायटिस बीच्या लशीचे पैसे तुझ्या पगारातून कापू लागले तर थांबव. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती लस कर्मचाऱ्यांना देणं हॉस्पिटलचं काम आहे. तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांनी. कॉलेजात झाले असतील तर कार्ड सोबत ने.

आणि निघताना किती पैसे लागतील, तेही सांगते. तू १२ तारखेला जॉइन होणार. पुष्कळ ठिकाणी हजेरी २१ ते २० अशी धरतात, म्हणजे पहिल्या पगारात तुझे नऊच दिवस येतील, ५,३०० च्या आसपास. पूर्ण पगार त्याच्या पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला. मधले छप्पन्न दिवस काढायचे आहेत. राहणं-खाणं-फिरणं २४,३००, कॉटचं डिपॉझिट ४,५००, गादी, बादली, पांढरे बूट आणि युनिफॉर्मची शिलाई मिळून ३,०००. त्यातून पहिले ५,३०० वजा कर. साडेसव्वीस हजार हाताशी हवेत. वडिलांकडे एकदमच माग. दर आठवड्याला दोन-दोन हजारांसाठी फोन करण्यात त्यांचाही जीव टांगणीला लागतो आणि तुझाही.

सही करण्याआधी एचआरला ईमेल करून तीनच गोष्टी लेखी मागव: हातात येणारा नक्की आकडा, शिफ्टचे तास, आणि हजेरी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत धरतात. उत्तर आलं की मला फोटो पाठव. जिल्ह्याच्या हॉस्पिटलच्या खाटा किती, तेही तोवर विचारून ठेव. दोन्ही कागद समोर ठेवून बोलू.

तुझ्या
मॅडम