झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात कीबोर्ड मिक्सरला जोडला की ‘घूंऽऽ’ येते. मिक्सरची अर्थिंगची पिन काढली तर चालेल का?

पिन काढू नका. आवाज बंद होईलही, पण उद्या मिक्सरच्या आत फेज बॉडीला लागला तर तो करंट सिग्नलच्या वायरीतल्या तारेच्या जाळीतून थेट कीबोर्डवाल्याच्या हातात आणि माइकला ओठ लावून बोलणाऱ्या नटाच्या तोंडात जाईल.

तुम्ही म्हणता, लॅपटॉपची यूएसबी लावली की घूं येते, चार्जर काढला की जाते. मग दुखणं ग्राउंड लूपचंच, म्हणजे दोन वाटांनी आलेल्या अर्थच्या वेढ्याचं. कीबोर्डचा ॲडॉप्टर दोन पिनचा, त्याला अर्थ नसतो. लॅपटॉपचा चार्जर बहुधा तीन पिनचा. त्याची अर्थ यूएसबीतून कीबोर्डला येते. मिक्सरची अर्थ मात्र मंडपाच्या मागच्या बोर्डात. या दोन अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्टचा फरक असला तरी करंट पी-३८ (कीबोर्डच्या जाड जॅकच्या) वायरच्या जाळीतून वाहतो, आणि मोनो वायरमध्ये तीच जाळी सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतले सूर आवाजात मिसळतात. ऑर्गन माइकवर असतो, म्हणून त्याला हा रोग नाही.

लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा तात्पुरता इलाज, पण रात्रभराच्या नाटकाला बॅटरी पुरत नाही. म्हणून आधी लाइटची जोडणी सुधारा. मिक्सर ज्या बोर्डावर आहे तिथूनच दीड स्क्वेअर मिलिमीटरची तीन कोरची वायर स्टेजपर्यंत ओढा आणि कीबोर्ड, लॅपटॉप, ऑक्टोपॅड त्याच एका एक्स्टेंशनवर घ्या. या तिघांचा लोड किरकोळ असतो. थ्री फेज असेल तर स्टेजचे दिवे वेगळ्या फेजवर जाऊ द्या, पण साउंडचं सामान दोन फेजवर वाटू नका. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात.

मल्टीमीटर लावून बघा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे असं तरंगतं दिसलं तर अर्थ कुठेतरी तुटलेली आहे. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या लाइटला तर अर्थ नसतेच, तिथे हे सगळे इलाज फोल. रॉड ठोकायचा तर दोन मीटरचा, तांब्याचा थर असलेला, आणि धान कापल्यावर बांधी (धानाचं शेत) सुकते म्हणून बुडाशी पाणी ओता. नुसत्या रॉडच्या भरवशावर एमसीबी पडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लागतोच.

इतकं करूनही थोडी घूं उरली तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह (सप्लाय न लागणारा) डीआय बॉक्स घ्या. तो कीबोर्डचा सिग्नल माइकच्या वायरीजोगा करून देतो. कीबोर्डच्या ‘एल/मोनो’ आउटपासून बॉक्सपर्यंत तीन मीटरच्या आतली पी-३८ वायर, बॉक्सपासून पुढे एक्सएलआर (माइकची तीन पिनची वायर), ती मल्टीकेबलमधून मिक्सरच्या माइक इनपुटला. आधी ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटन बंद ठेवून ऐका, घूं असेल तर दाबा. ते एक्सएलआरची फक्त १ नंबरची पिन तोडतं, लाइटच्या अर्थला हात लावत नाही. म्हणूनच ते बिनधोक. आवाज फाटत असेल तर २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटन) टाका. स्टिरिओ पाहिजे असेल तर बॉक्स दोन लागतील. झाडीच्या मंडपात मोनो पुरतं, माझ्या मते. दुकानदार ॲक्टिव्ह डीआय पुढे करेल. तो पिकअपवाल्या गिटारला चांगला, पण ट्रान्सफॉर्मर नसलेला आणि फँटमवर (मिक्सरकडून माइकच्या वायरीतून येणाऱ्या सप्लायवर) चालणारा असेल तर लिफ्ट केल्यावर त्याचा सप्लायच तुटू शकतो. तीस मीटरची मोनो पी-३८ ओढायचा मोह मात्र टाळा, ती वाटेतलं सगळं गोळा करते.

जॅकच्या लोखंडाला हात लावल्यावर घूं कमी झाली तर लूप नाही, जाळी तुटली आहे. जॅक उघडून सोल्डर बघा. लाइटचा डिमर वर-खाली केल्यावर बदलणारी ‘झर्रर्र’ही वेगळी. त्यासाठी सिग्नलची वायर लाइटच्या वायरीपासून लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात. माउस हलवला की बदलणारी चीं-चीं लॅपटॉपची असते. डीआयनेही गेली नाही तर यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतली अर्थची जोडणी तोडणारा डबा) लावा.