ओळखीच्या पात्रांचा दुसरा भाग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नवा अ‍ॅनिमेशनपट लावला की मुलं चुळबुळ करतात, पण ओळखीच्या विनोदी सिनेमाचा पुढचा भाग असेल तर जागची हलत नाहीत. असं का होतं?

पहिल्या भागाचा बराच वेळ ओळखपाळख करून देण्यात जातो. हा कोण, त्याला काय हवंय, या जगात काय चालतं आणि काय नाही, हे सगळं मांडावं लागतं. पुढच्या भागात ते काम झालेलं असतं, त्यामुळे गंमत पहिल्या मिनिटापासून सुरू होऊ शकते. विनोदाला ओळख लागतेच. घाबरट पात्र शूरपणाचा आव आणतं तेव्हा हसू येतं, कारण ते घाबरट आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

‘इन्क्रेडिबल्स २’ (२०१८) मधलाच प्रसंग घ्या. तान्ह्या जॅक-जॅकच्या अंगात अचाट शक्ती आहेत हे प्रेक्षकाने २००४ च्या पहिल्या भागाच्या शेवटी पाहिलेलं असतं, आईबाबांना मात्र त्याचा पत्ताच नसतो. आता आई कामावर गेली आहे आणि दमलेले बाबा टीव्हीसमोरच झोपले आहेत. टीव्हीवर जुना सिनेमा चालू आहे, त्यात मुखवटा बांधलेला चोर. तेवढ्यात बाहेर कचऱ्याचा डबा उचकणारा रॅकून नावाचा प्राणी बाळाला दिसतो. त्याच्या डोळ्यांभोवती काळा पट्टा, म्हणजे हाही चोरच! बाळ बंद काचेतून आरपार अंगणात जातं आणि त्याच्यावर तुटून पडतं. या मारामारीला संवादाची गरजच पडत नाही. तीन वर्षांचं पोर धपाधपीला हसतं, आठ वर्षांचं मुखवट्याच्या घोटाळ्याला, आणि मोठ्यांना हसू येतं ते ढाराढूर झोपलेल्या बापाचं. सगळं घर एकाच वेळी, आपापल्या कारणाने हसतंय, हे साधणं फार अवघड आहे, आणि आम्हाला या प्रकारच्या सिनेमात सर्वांत मोलाचं तेच वाटतं.

प्रश्न: एक सिक्वेल कंटाळून अर्ध्यावर बंद करावा लागला. चांगला कोणता हे आधी ओळखता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. कथासूत्राच्या दोन ओळी वाचा आणि बघा, नायकापुढे नवी अडचण आहे की जुन्याच अडचणीला नवा खलनायक चिकटवलाय? ‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) मध्ये खेळण्यांचा मालक अँडी कॉलेजला निघालाय. खेळण्यांचं आता काय होणार, हा प्रश्न पहिल्या भागात उभाच राहू शकत नव्हता. ‘इनसाइड आउट २’ (२०२४) मध्ये रायली नावाची मुलगी तेरा वर्षांची होते आणि तिच्या डोक्यात चिंता, हेवा, कंटाळा आणि संकोच या चार नव्या भावना, म्हणजे चार नवी पात्रंच, मुक्कामाला येतात. पात्र वाढलं की विनोदही आपोआप नवा होतो.

मग ट्रेलर बघा. त्यातले सगळे हशे जुन्याच वाक्यांवर किंवा जुन्याच धडपडण्यावर बेतलेले असतील तर जरा थांबा. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे गाजलेल्या दुय्यम पात्राला भरमसाट वेळ देणं. दोन मिनिटं धमाल उडवणारं पात्र दीड तास गोष्ट ओढू शकेलच असं नाही. ते मुळात चिमूटभरच वापरायचं होतं.

प्रश्न: घरात पाच आणि बारा वर्षांची मुलं आहेत. दोघांना एकत्र काय दाखवावं?

निवड धाकट्याच्या भीतीकडे बघून करा, मोठ्याच्या आवडीकडे बघून नको. पुढचे भाग बहुतेकदा पहिल्यापेक्षा गडद असतात, कारण धोका वाढवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ‘टॉय स्टोरी ३’ मध्ये शेवटाकडे खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडे सरकत जातात, तिथे लहान मुलं हमखास घाबरतात. म्हणून सिनेमाचा शेवटचा अर्धा तास आधी एकट्याने बघून घ्या. भीतीचा प्रसंग कुठे येतो ते लक्षात ठेवा आणि त्याच्या जरा आधी धाकट्याला सांगून टाका, ‘आता जरा भीती वाटेल, पण ते सुटणार आहेत.’ शेवट आधी कळल्याने पाच वर्षांच्या मुलाची मजा कमी होत नाही. ‘इनसाइड आउट २’ मध्ये हॉकीच्या सामन्यात रायलीचा श्वास कोंडतो आणि छाती धडधडते. धाकट्याला त्यातलं फारसं उमगणार नाही, बारा वर्षांच्या मुलाला मात्र नेमकं उमगेल. तिथे घाईने पुढे ढकलू नका.

महत्त्वाचं: ‘इन्क्रेडिबल्स २’ मध्ये प्रखर उघडझाप करणाऱ्या प्रकाशाचे प्रसंग आहेत, आणि प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटगृहांतून तशी सूचनाही लावली होती. घरात कुणाला फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नका.

प्रश्न: पहिला भाग न बघता दुसरा लावला तर?

सिनेमावर अवलंबून आहे. ‘फाइंडिंग डोरी’ (२०१६) एकटाही समजतो, कारण डोरी या माशाचा विसराळूपणा त्यात सुरुवातीलाच नव्याने दाखवलाय. ‘टॉय स्टोरी ३’ समजेल, पण शेवटी अँडी खेळणी दुसऱ्याच्या हाती सोपवतो तेव्हा घशात आवंढा येणार नाही. त्यासाठी निदान पहिला भाग बघाच.

प्रश्न: डबिंग बरं की सबटायटल?

वाचनाचा वेग नसलेल्या मुलांसाठी डबिंगच. नजर खालच्या ओळींवर अडकली की चेहऱ्यावरचा विनोद निसटतो. मात्र आधीचा भाग ज्या भाषेत पाहिला त्याच भाषेत पुढचा लावा. ओळखीच्या पात्राचा आवाज बदलला की मुलं पहिली दहा मिनिटं ‘हा तो नाहीच’ म्हणत बसतात.