सेक्शन हाती आल्यावर

प्रिय मित्रा,

हॉटेलच्या किचनमध्ये कॉमीचा (शिकाऊ स्वयंपाक्याचा) डेमी शेफ (त्याच्या वरच्या पायरीचा शेफ) झालास, करी सेक्शन हाती आला, सोबत दोन नवीन पोरंही मिळाली. ‘शिकवत बसण्यापेक्षा मीच पटकन उरकतो,’ असं तू लिहिलंस. याच सवयीपायी चांगले कारागीर वर्षानुवर्षं एका शेगडीपुढे अडकलेले असतात. तुझ्यावाचून सेक्शन चालतच नसेल, तर शेफ तुला तिथून हलवणार कसा?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना चार पायऱ्यांत तयार करत: त्याला काय येतं ते आधी विचारायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि पुढे अधूनमधून तपासायचं. किचनमध्ये बहुतेक जण दुसऱ्या पायरीवरच थांबतात आणि चूक झाली की ‘दाखवलं होतं ना?’ म्हणून ओरडतात. तू तिसऱ्या पायरीला वेळ दे. हात मागे बांधून उभा राहा. पोराने काम करता करता बोलायचं, काय करतोय आणि का. ‘का’पाशी तो अडखळला, तर त्याला अजून आलेलं नाही.

सुरुवात भात गार करण्यापासून कर. हे काम सोपं वाटतं, म्हणूनच ते बिघडतं. पातेलंभर भात झाकण लावून फ्रिजमध्ये ढकलला, की वरचा थर गार होतो आणि मधला कित्येक तास कोमट राहतो. भात शिजवताना बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. त्या कोमट भातात ते वाढून विष तयार करतात. दुसऱ्या दिवशी फ्राइड राइस कितीही परतला तरी ते विष जात नाही.

म्हणून भात पसरट ट्रेमध्ये काढायचा, थर 2 इंचांपेक्षा जाड नको. ट्रे रॅकवर सुटे ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत. 60 अंशांवरून 21 अंशांवर तो 2 तासांच्या आत यायला हवा. मग झाकून, तारीख-वेळेची चिठ्ठी लावून 5 अंशांखाली. थर्मामीटर भाताच्या मधोमध खुपसायचा. नवखी पोरं हमखास वरवर टेकवतात आणि आकडा छान येतो! थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात 0 दाखवतो का, हे आठवड्यातून एकदा त्यांनाच बघायला लाव.

दुसरं, वजनकाटा. ग्रेव्ही प्लेटला 180 ग्रॅम ठरली आहे आणि पोराचा डाव 220 ग्रॅमचा आहे, तर 60 प्लेटमागे 2 किलो 400 ग्रॅम ग्रेव्ही फुकट जाते. ओरडून काही होणार नाही, डाव बदल. मिठालाही ‘मूठभर’ म्हणू नकोस. तुझी मूठ आणि त्याची मूठ एक नाही. तुझ्या अंदाजाची प्रत्येक गोष्ट एकदा काट्यावर ठेव आणि ग्रॅममध्ये लिहून भिंतीवर लाव. पोरांना कळेल अशा भाषेत, हिंदीत किंवा नेपाळीतसुद्धा.

तुझ्या स्वतःसाठी: कॉस्टिंग शीक. 350 रुपयांच्या डिशला 105 रुपयांचा माल लागला तर फूड कॉस्ट 30 टक्के, हे तोंडी सांगता यायला हवं. एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फॉसटॅक हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण करून घे; अन्न हाताळणाऱ्या 25 माणसांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतोच. दोन हजार जास्त मिळतात म्हणून सहा महिन्यांत नोकरी बदलू नकोस. त्याऐवजी तंदूर सेक्शन मागून घे.

दुपारी 3 ते 5 सेक्शन शांत असतो. पहिला ट्रे तेव्हाच भरायला लाव.

तुझा,
एक जुना सहकारी