खासगी बालरोगतज्ज्ञांनी लसीकरणाच्या नोंदी यू-विन या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कराव्यात, यासाठी काय करता येईल?

माझ्या मते डॉक्टरांचा विरोध तत्त्वाचा नसून वेळेचा आहे. जानेवारी 2023 मध्ये देशातील 65 जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेले यू-विन हे कोविडकाळातील को-विनच्या धर्तीवर उभारलेले आहे आणि गरोदर माता व बालके यांच्या लसीकरणाची नोंद ठेवते. मात्र बाहेर वीस पालक ताटकळत असताना तीच माहिती फाइलमध्ये, कार्डावर आणि पुन्हा संगणकावर भरायची म्हटले, तर कोणीही टाळाटाळ करील. म्हणून दवाखान्यातील सॉफ्टवेअरमधून नोंद परस्पर पुढे जाण्याची सोय हवी, आणि ती होईपर्यंत हे काम परिचारिकेला नीट शिकवून तिच्याकडे सोपवावे.

दुसरे म्हणजे, डॉक्टरांना त्यांचा स्वतःचा फायदा दिसला पाहिजे. बीडहून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेली आई बाळाचे घडी पडून फाटलेले, शाई फुटलेले कार्ड पुढे करते, तेव्हा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीपैकी नेमके कोणते डोस झाले, हे अंदाजाने ठरवावे लागते. (कित्येकदा तर कार्ड गावीच राहिलेले असते.) मोबाइल क्रमांकावरून ती नोंद समोर आली, तर डोस चुकतही नाही आणि दुबार टोचलाही जात नाही. शिवाय पुढच्या तारखेची आठवण पालकांना संदेशाने जाते, त्यामुळे दवाखान्यातून फोन करण्याचा व्याप वाचतो. सक्तीपेक्षा हा अनुभव शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलेला अधिक पटतो.