रिमोटवर उडणाऱ्या विमानाची फुल चार्ज केलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुढच्या रविवारपर्यंत तशीच ठेवली तर चालते का?

नको, प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा, म्हणजे ३एस (एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलचा) पॅक साधारण ११.५ व्होल्टवर. ४.२ व्होल्टवर, म्हणजे फुल चार्ज, पडून राहिलेल्या सेलमधलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं, आत गॅस धरतो आणि पॅक उशीसारखा फुगतो. फुगण्याआधीच अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे पूर्ण थ्रॉटल दिला तरी विमान मरगळल्यासारखं चढतं. बॅलन्स लीड (प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांची जोडणी) जोडून चार्जरचा ‘स्टोरेज’ मोड लावा. ५ वॉटने डिस्चार्ज करणाऱ्या छोट्या चार्जरला २२०० एमएएचचा भरलेला पॅक उतरवायला अडीच-तीन तास लागतात, तेव्हा झोपायच्या वेळी सुरू करू नका. वारा पडायची वाट बघत एक-दोन दिवस गेले तर काही बिघडत नाही. उन्हात उभ्या गाडीत मात्र एक दुपारही नको.