लहान मुलांमधल्या एचआयव्हीवर रिसर्च करून करिअर होतं का?
होतं की! दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे डॉ. हूसेन उर्फ जेरी कोवाडिया बघा, एमबीबीएस आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकलला केलं, मग परत जाऊन बालरोगतज्ज्ञ झाले आणि पुढे आईकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्हीवरच काम. १९९९ मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की पहिले ३ महिने फक्त अंगावरचं दूध दिलं तर धोका कमी, वरचं दूध, पाणी मिक्स केलं की वाढतो (आपल्याकडे घुटी देतात तसलंच सगळं आलं त्यात). २००० च्या डर्बन एड्स परिषदेचे अध्यक्षपण तेच, आणि तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते, त्यांच्याशी उघड पंगा घेतला. म्हणजे आधी पीडियाट्रिक्स, मग रिसर्च, आणि घाई नको.